गाडीतील नेव्हिगेशन : अंगभूत की सुटे? धार-देवासच्या प्रवासापूर्वी करावयाची निवड

धारचे एक आणि देवासची थोरली व धाकटी पाती अशी दोन, मिळून पवार घराण्याची माळव्यातील ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. मराठी माणसाचा तिकडचा ओढा मात्र टिकून आहे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मांडवगड आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत देवासला राहिले, त्यामुळे संगीतप्रेमींची पावले तिकडे वळतात. गोव्यातून स्वतःच्या मोटारीने तेथवर जायचे, तर एका बाजूचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक भरते. एवढ्या प्रवासात गाडीत कंपनीने बसवलेल्या नेव्हिगेशनवर विसंबावे, स्वतंत्र सुटे उपकरण घ्यावे की मोबाइलवरच भागवावे, हा प्रश्न अनेकांना पडतो.

पडद्याचा आकार आणि किंमत पाहून त्याचे उत्तर शोधले जाते. वास्तविक निर्णय दोन गोष्टींवर व्हायला हवा : नकाशा कोठे साठवलेला आहे आणि तो कोण, केव्हा अद्ययावत करणार आहे.

चुकीच्या नकाशाची किंमत

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ रामगंगा नदीवरील अपूर्ण पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता आणि मोटार नेव्हिगेशनच्या आधारे जात होती, असे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. पुढच्याच महिन्यात गोव्याकडे निघालेले एक कुटुंब खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या जंगलात अडकले. तेथे मोबाइलला सिग्नल नव्हता. बरेच अंतर चालून गेल्यावर सिग्नल मिळाला, ११२ क्रमांकावर फोन झाला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. पहिल्या घटनेत रस्त्याची खरी स्थिती नकाशात नव्हती, तर दुसरीत ऐनवेळी संपर्काचे साधनच हाती राहिले नाही. कोणतेही उपकरण निवडताना हे दोन्ही धोके डोळ्यांसमोर असावेत.

उपग्रह स्थान सांगतो, रस्ता नव्हे

इंटरनेट गेले की जीपीएस बंद पडते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की उपकरण आपले स्थान स्वतः काढते आणि त्यासाठी मोबाइलच्या नेटवर्कची गरज नसते. नेटवर्क लागते ते त्या स्थानाभोवतीचा नकाशा आणि वाहतुकीची ताजी माहिती मिळवण्यासाठी. नकाशा आधीच उपकरणात असेल, तर भर जंगलातही दिशा मिळते. तो नसेल, तर कोऱ्या पडद्यावर केवळ एक ठिपका दिसत राहतो.

अंगभूत यंत्रणा

गाडीच्या डॅशबोर्डमध्येच बसवलेल्या यंत्रणेचे बळ तिच्या गाडीशी असलेल्या जोडणीत आहे. अशा अनेक यंत्रणा चाकांचा वेग आणि वळणांची नोंद घेऊन, उपग्रहाचा संकेत तुटला तरी काही अंतरापर्यंत स्थानाचा अंदाज बांधतात. कारवारजवळच्या महामार्गावरील बोगद्यांत हा फरक जाणवतो. पडदा नजरेच्या टप्प्यात असतो, ऊन त्रास देत नाही आणि तारांचा गुंता नसतो.

तिचा दुबळेपणा नकाशाच्या वयात आहे. काही गाड्यांत नकाशा एसडी कार्डावर असतो आणि नवी आवृत्ती सेवा केंद्रातून घ्यावी लागते. काही नव्या गाड्यांत तो इंटरनेटवरून येतो. मात्र मोफत सेवेची मुदत संपल्यावर वार्षिक शुल्क भरावे लागते. गाडी दहा-बारा वर्षे चालते, पण तिच्या नकाशाला कंपनी तितकी वर्षे साथ देईलच असे नाही. म्हणून केवळ नेव्हिगेशनसाठी गाडीची महागडी श्रेणी घेण्यापूर्वी पुढील किती वर्षे नकाशा मिळणार आणि किती रुपयांत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

सुटे उपकरण आणि मोबाइल

काचेवर चिकटवायची स्वतंत्र उपकरणे मोबाइलच्या प्रसारानंतर मागे पडली. संपूर्ण नकाशा आतच असल्याने ती नेटवर्कविना चालतात, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेता येतात आणि मोबाइलची बॅटरी वाचवतात. मात्र भारताच्या नकाशाची नवी आवृत्ती आजही मिळते का, याची खात्री केल्याशिवाय जुने उपकरण स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

मोबाइलवरील नकाशा सर्वांत ताजा असतो. कोंडी, अपघात, बंद रस्ता यांची माहिती तो देतो. पण हे सारे नेटवर्क असेपर्यंतच. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर संपूर्ण मार्गाचा नकाशा उतरवून घेणे आवश्यक ठरते. उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतो, तेव्हा मागच्या वर्षीच्या सहलीचा नकाशा यंदा असेल असे गृहीत धरू नये. माळव्याच्या कडक उन्हात काचेमागे ठेवलेला मोबाइल तापून बंद पडू शकतो. तो शक्यतो एसीच्या झोतापाशी बसवावा आणि चार्जरही चांगल्या क्षमतेचा असावा.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेल्या गाडीत पडदा गाडीचा आणि नकाशा मोबाइलचा, अशी सोय होते. बहुतेक कुटुंबांना एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

धार-देवासच्या वाटेवरील कसोटी

राष्ट्रीय महामार्ग ५२ अंकोल्याहून निघतो आणि हुबळी, विजयपूर, सोलापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, सेंधवा, इंदूर असा देवासपर्यंत व पुढे जातो. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, नाशिक या वाटेने जाणारेही धुळ्याला याच महामार्गाला मिळतात. नकाशा किती ताजा आहे, हे याच मार्गावर घरबसल्या तपासता येते.

पहिली कसोटी नावांची. जुन्या नकाशात औरंगाबाद, उस्मानाबाद, विजापूर हीच नावे असतील. धुळे-इंदूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३ म्हणून आणि सोलापूर-धुळे रस्ता २११ म्हणून दिसेल. रस्त्यावरच्या पाट्या मात्र नव्या क्रमांकाच्या आहेत. मांडवगड हिंदी पाट्यांवर ‘मांडू’ असतो, तर महू स्थानकाचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे.

दुसरी कसोटी शोधाची. ‘धार’ एवढेच लिहिल्यास धारवाड आणि धाराशिव हे पर्यायही समोर येऊ शकतात आणि दोन्ही गोव्याहून उत्तरेकडे जातानाच्या टापूत असल्याने चूक चटकन ध्यानी येत नाही. देवास नाका आणि धार रोड हे तर इंदूर शहरातील भाग आहेत. म्हणून जिल्हा व राज्यासह नाव लिहावे आणि अंतराचा आकडा पाहून खात्री करावी.

तिसरी कसोटी नव्या रस्त्यांची. धार जिल्ह्यातील गणपती घाटाचा तीव्र उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. तो टाळण्यासाठी अलीकडे नवा वळणमार्ग बांधण्यात आला. नकाशात तो दिसत नसेल, तर नकाशा जुना आहे असे समजावे. धारला जाताना इंदूर शहरात शिरण्याची गरज नाही. मानपूरहून लेबडमार्गे धारकडे वळता येते. उपकरण हा पर्याय दाखवते का, हेही पाहावे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या दुरुस्तीनुसार चालकाला हाती धरावयाचे उपकरण केवळ मार्गदर्शनासाठी आणि एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरता येते. वाहन चालवताना मोबाइल हाती धरून बोलणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार असून, पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून मोबाइल पक्क्या स्टँडवर असावा. स्टँडने समोरचा रस्ता झाकू नये आणि तो एअरबॅगच्या झाकणावरही बसवू नये. ठिकाण निघण्यापूर्वीच भरावे. वाटेत बदल करायचा, तर ते काम शेजारी बसलेल्याने करावे.

निवड कशी करावी?

वर्षाकाठी एक-दोन दूरचे प्रवास करणाऱ्याला उतरवलेल्या नकाशासह मोबाइल आणि मजबूत स्टँड पुरे. सतत परराज्यांत फिरणाऱ्याने अंगभूत यंत्रणेचा विचार जरूर करावा, मात्र नकाशाच्या नूतनीकरणाचा खर्च गाडीच्या किमतीत धरून. घाटवाटा आणि जंगलमार्ग वारंवार तुडवणाऱ्याने पूर्ण नकाशा आत असलेले दुसरे साधन जवळ ठेवावे. घरातील जुन्या मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवला, तरी ते काम होते.

कोणतेही साधन घेतले तरी मोठ्या गावांची यादी कागदावर लिहून सोबत असावी. उपकरणाने महामार्ग सोडून अरुंद, निर्जन रस्त्याला वळायला सांगितले आणि पुढचे गाव यादीत नसेल, तर तेथेच थांबावे. रात्रीची वेळ असेल, तर पेट्रोलपंपावर किंवा ढाब्यावर विचारूनच पुढे जावे.