बारा तासांची संमती

रातपाळी करून आलोय. डोळे चुरचुरतात, तरी मित्रांनो, हे लिहायलाच पाहिजे.

१८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागणं काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. म्हणजे मालकाला 'बस कर' म्हणणारा तेव्हा एक सूर्यच होता. रविवार मिळाला १८९० ला.

पुढं गिरणीत विजेचे दिवे आले अन् सूर्याचंही कोणी ऐकेना. दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. १९०५ ला मुंबईत याविरुद्ध संप झाले.

बायका-मुलांचे तास १८९१ च्या कायद्यानं बांधले होते. पुरुषांचे का नाही? म्हणे, प्रौढ पुरुष स्वतःचा मुखत्यार. तो राजीखुशीनं करार करतो, सरकारनं मधे पडू नये. राष्ट्रवादी पुढाऱ्यांतले बरेच जण म्हणत, हे कायदे म्हणजे लँकेशायरचा डाव. लँकेशायरचा स्वार्थ होताच. पण डाव कुणाचा का असेना, पाठ कुणाची मोडत होती?

१९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनात बहुमत पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको म्हणालं. एकट्या मद्रासच्या डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमत नोंदवलं: मर्यादा घाला. हेच नायर पुढं ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीचे संस्थापक झाले. १९११ ला कापड गिरण्यांत पुरुषांना १२ तासांची हद्द पडली. १९२२ ला ११, १९३४ ला बारमाही कारखान्यांत १०. आणि १९४६ ला मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी विधेयक आणलं, आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला.

१२ चे ९ व्हायला पस्तीस वर्षं लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं.

संमती! घरी चूल थंड, दाराबाहेर शंभर बेकार उभे. तिथं कोण 'नाही' लिहील? मुखत्यारीची तीच जुनी गोष्ट, फक्त आता कागदावर सही आहे.

'शिका, संघटित व्हा' म्हणतो आपण. त्याला वेळ लागतो. बारा तास राबून आलेला माणूस पुस्तक उघडतो तेव्हा अक्षरं हलतात, हे मी अंगावर काढलंय. म्हणून तासांचा हिशेब फक्त युनियनवाल्यांवर सोडू नका. तो आपल्या चळवळीचा हिशेब आहे.

जयभीम.