जीर्णोद्धार : जुन्या दगडा-लाकडाची वाटचाल

हाटकेशहून घोडबंदरच्या वाटेला लागलं की खाडीकाठी टेकडीवर घोडबंदरचा किल्ला दिसतो. पोर्तुगिजांचा हा किल्ला 1737 साली मराठ्यांकडे आला आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी खाडीपलीकडची वसई घेतली. इतकं तर पोरासोरांनाही ठाऊक असतं. वसई पडल्यावर तिथल्या सामानसुमानाचं पुढं काय झालं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही.

वसईकडच्या चर्चमधल्या मोठाल्या ओतीव घंटा मराठ्यांनी उतरवल्या आणि घाट चढवून देवळांत नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर 1721 साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे, ती 1707 ची. आणखी एक भीमाशंकराच्या देवळापुढे टांगलेली आहे. भीमाशंकर म्हणजे भीमेचा उगम. तीच भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे माउली, आपण जिथं स्नान करतो त्या पाण्याच्या उगमाशी आपल्याच शेजारच्या वसईची घंटा वाजते आहे. ती वितळवून तोफ ओतता आली असती. पण कुणीतरी नाद ऐकला असावा, आणि घंटेची घंटाच राहिली.

घरादारांचंही असंच चालायचं. पूर्वी कोकणपट्टीत घर उतरवायचं म्हटलं की तुळया, वासे, चौकटी, कौलं वेगवेगळी रचून ठेवत. मंगळूरला 1865 साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं जहाजाने मुंबईपर्यंत येऊ लागली. एका छपरावरची कौलं उतरवून दुसऱ्यावर चढवायला काहीच अडचण नसे, कारण ती नुसती एकमेकांत अडकवलेली असतात. भिंतीचंही तसंच. चुना मऊ असतो. चुन्यात बांधलेली वीट टाचणीने ठोकली की सुटी होते आणि परत वापरता येते. सिमेंटात बसवलेली वीट सुटत नाही, फुटते. जुनं सोडवून परत वापरायची रीत कशानं मोडली, तर माझ्या मते आळसानं नाही, सिमेंटानं मोडली.

सागाची गोष्ट तर काय सांगावी! शंभर वर्षं छपराखाली वाळलेला साग आता वाकत नाही, पिळत नाही. फक्त करवतीखाली घालण्याआधी त्यातले खिळे एकूणएक काढावे लागतात, नाहीतर पातं गेलंच. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत मुक्कामाला असते. त्या पेठांतले वाडे पाडले गेले, पण त्यांचे खांब नि दरवाजे विकत घेणारे लोक आजही आहेत. श्रीमंतांच्या बंगल्यात जुना खांब शोभेला लागतो, आणि गावात आपण देवळाचा तसलाच खांब सरपणाला देतो!

आता पंढरीचंच बघा. तिथल्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके 1195 ते 1199 मधला, म्हणजे दगड किती जुना ते त्या दगडावरच कोरलेलं आहे. मधल्या काळात गाभाऱ्यात गुळगुळीत ग्रॅनाइट बसलं. 2024 साली संवर्धनाचं काम निघालं, 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद झालं. ती फरशी काढली, मूळ दगड उघडा केला आणि 2 जूनला पुन्हा पायावर डोकं ठेवायला मिळालं. काम चालू असताना जमिनीखाली एक खोली आणि तिच्यात जुन्या मूर्तीही सापडल्या. कुणी आधी सरसकट जेसीबी लावला असता तर?

इकडे मिरा-भाईंदरमध्ये आता इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. काँक्रीट पाडलं की लोखंड भंगारात जातं, दारं-खिडक्या विकल्या जातात, आणि उरलेला राडारोडा रात्रीच्या ट्रकने खाडीकाठी कांदळवनात पडतो. केंद्राने 2016 साली यासाठी नियम केले. मोठं काम असेल तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असं वेगळं ठेवायला त्यांत सांगितलं होतं. शेजारी दहिसरला, कोकणीपाड्यात, मुंबई महापालिकेचा रोज 600 टन राडारोडा दळून खडी-वाळू करण्याचा प्रकल्प आहे. दळणं बरंच, पण सबंध तुळई ती तुळईच.

दिंडीच्या शंभरीच्या निमित्ताने गावोगावी जीर्णोद्धाराची बोलणी चालू आहेत. शब्द नीट वाचावा. जीर्णाचा उद्धार, जीर्णाचा नाश नव्हे. ठेका देण्याआधी गावातल्या जुन्या सुताराला एकदा सभामंडपात फिरवावं. तो तुळईवर हातोडी मारून आवाजावरून सांगेल, कुठं पोकळ आहे नि कुठं भरीव. भरीव तुळया खडूने आकडे घालून उतरवाव्यात, खाली विटा लावून सावलीत रचाव्यात. आणि कुजलेलं टोक कापून टाकलं तरी बाकीच्या लाकडाच्या दोन चौकटी सहज निघतात, हे ठेकेदाराला आधीच लिहून द्यावं.