जुन्या छायाचित्रांतील क्रिकेट

क्रिकेटची जुनी चित्रकार्डे जमविणारा जाणकार संग्राहक आधी कार्डाची पाठ पाहतो. इंग्लंडात १९०२ साली पाठीवर पत्ता व मजकूर शेजारी-शेजारी लिहिण्यास अनुमती मिळाली आणि दर्शनी बाजू चित्राला मोकळी झाली. पाठीवर मधली रेघ नसेल, तर तेथील कार्ड बहुधा त्यापूर्वीचे ठरते.

अशा खुणांनी काळ कळतो. माणसे कळण्यास अधिक काही लागते. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे छायाचित्र पाहावे. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग संघनायक. त्याच चौकटीत चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पालवणकर. त्या दौऱ्यात या डावखुऱ्या गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले. खेळाने भेद मिटविला, असे चित्र पाहून वाटावे. परंतु पुण्यात याच बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळूंची त्या पदावर कधीच नेमणूक झाली नाही.

यांतील काहीही छायाचित्र स्वतः सांगत नाही. म्हणून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नावे, साल व हकीकत लिहून ठेवणे हे संग्राहकाचे कर्तव्य होय. नावे हरपली, की पांढऱ्या पोशाखातील अनोळखी माणसे तेवढी उरतात.