कोण मागतो, कोण देतो : इंग्लंडच्या खेड्यातल्या सणांच्या अभ्यासाला प्रस्तावना

जानेवारीत इंग्लंडच्या पूर्वेकडच्या जमिनी गोठून दगड झालेल्या असतात. नाताळचे दिवस ६ जानेवारीला संपतात आणि त्यानंतरचा पहिला सोमवार हा 'प्लाऊ मंडे', म्हणजे नांगराचा सोमवार. शेतीचे नवे वर्ष नावापुरते त्या दिवशी सुरू होई. पण नांगराचा फाळ जमिनीत शिरत नसेल तर काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजुरीही नाही. मग केंब्रिजशर, लिंकनशर या भागांतले गडी तोंडाला काजळी फासत, कोणी बायकी कपडे चढवी, आणि सजवलेला नांगर दोरांनी ओढत सगळे घरोघर पोस्त मागत हिंडत. एखाद्याने हात आखडला तर त्याच्या दारापुढची जमीन नांगरून ठेवीत. जुन्या पुस्तकांत याचे वर्णन भूमीच्या सुफलतेसाठी केलेला प्राचीन विधी असे सापडते. असेलही. पण दारापुढे पडलेल्या त्या तासांचा अर्थ लावायला सुफलतेच्या देवतेपर्यंत जायची गरज नाही.

इंग्लंडच्या खेड्यातल्या सणावारांच्या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या नांगरापासून करतो आहे. हा विषय दिसायला फार गोड आहे. हिरवे कुरण, दगडी चर्च, रंगीत फितींचा खांब, घंटा बांधून नाचणारे बाप्ये. कॅलेंडरवरच्या या चित्रांतून बाहेर पडायचे असेल तर प्रत्येक सणाला दोन रोखठोक प्रश्न विचारावेत : इथे मागतो कोण, आणि देतो कोण?

अभ्यासकांनी मात्र फार काळ तिसराच प्रश्न विचारला : हे किती जुने? 'फोक-लोअर' हा शब्द विल्यम थॉम्स यांनी १८४६ मध्ये घडवला आणि लंडनची फोकलोअर सोसायटी १८७८ मध्ये निघाली. मधल्या काळात, १८७१ मध्ये, ई. बी. टायलर यांनी 'अवशेषां'ची कल्पना मांडली : खेडुतांच्या चालीरीती म्हणजे मानवजातीच्या बाल्यावस्थेतले, अर्थ हरपलेले उरलेसुरले तुकडे. १८९० पासून फ्रेझर यांच्या 'गोल्डन बाउ'ने त्या तुकड्यांतून वृक्षदेवता आणि बळी जाणारे राजे उभे केले. या मांडणीत खेडूत कृती करतो, पण तिचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. तो ठाऊक असतो लंडन-केंब्रिजमधल्या विद्वानाला.

हा चष्मा आपल्या ओळखीचा असायला हवा, कारण त्याच काळात तो आपल्यावरही रोखला गेला होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य राहून परतलेल्या हेन्री मेन यांनी १८७१ मध्येच पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रामसंस्थांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. इंग्रज खेड्याचा हरवलेला भूतकाळ त्यांना हिंदुस्थानच्या खेड्यात दिसत होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचे नाव आपल्या इतिहासात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीमुळे, अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांमुळे राहिले. पण त्यांच्या मागे राहिलेल्या लोकसाहित्याच्या नोंदी सनदी अधिकारी एन्थोव्हन यांनी १९१४-१५ मध्ये गुजरात आणि कोकण अशा दोन खंडांत छापल्या. कोकणच्या खंडात पानोपानी गावोगावच्या शाळामास्तरांचा हवाला येतो. साहेब विचारणार, मास्तर सांगणार, आणि ज्याची चाल आहे तो शेतकरी दोघांच्याही मागे कुठेतरी उभा. इंग्लंडच्या खेड्यातही हेच चालले होते. तिथे मास्तरांच्या जागी बहुधा पाद्री असे. त्यामुळे या सामग्रीत उतरताना मराठी अभ्यासक पाहुणा नसतो. कागद कसा तयार झाला असेल, याचा अंदाज त्याला घरूनच आलेला असतो.

किती जुने, या प्रश्नाचा सापळा पाहायचा असेल तर स्टॅफर्डशरमधल्या अ‍ॅबट्स ब्रॉमली या गावी जावे. तिथे सप्टेंबरात सहा नर्तक रेनडियरची सहा शिंगे खांद्यावर तोलून नाचतात. इंग्लंडच्या रानात रेनडियर नाहीत. ती शिंगे बाहेरून आलेली. १९७६ मध्ये एका शिंगाची कार्बन तपासणी झाली आणि काळ निघाला अकराव्या शतकाच्या मध्याचा, १०६५ च्या आसपासचा. झाले, नाच हजार वर्षांचा ठरला! पण शिंगांसह नाचाचे पहिले वर्णन सापडते ते रॉबर्ट प्लॉट यांच्या १६८६ च्या पुस्तकात. मधली सहाशे वर्षे कागद मुके आहेत. शिंगाचे वय हे नाचाचे वय नव्हे, एवढी साधी गोष्ट उत्साहाच्या भरात किती जण विसरले! आणि प्लॉट यांच्याच वर्णनातला दुसरा तपशील त्यामानाने कोणी उचलला नाही : या नाचातून जमणारा पैसा चर्चची डागडुजी आणि गावातले गरीब यांच्यावर खर्च होई.

मे महिन्याच्या खांबाचेही तसेच. खांब जुना खरा. तो इतका जुना आणि इतका उपद्रवी वाटत होता की १६४४ मध्ये प्युरिटन पार्लमेंटने देशभरचे खांब उतरवण्याचा हुकूम काढला. पण मुलींनी फिती गुंफत त्याच्याभोवती नाचणे, जे आज सनातन वाटते, ते एकोणिसाव्या शतकातले. जॉन रस्किन यांनी १८८१ मध्ये व्हाइटलँड्स या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात मे-राणीचा सोहळा सुरू केला, आणि असा मे महिना शाळांतून देशभर पसरला. रात्री रानात जाऊन फांद्या तोडून आणणारी तरुण पोरे मागे पडली आणि पांढऱ्या झग्यातल्या शाळकरी मुली पुढे आल्या. सण तोच राहिला, पण त्याची मालकी बदलली.

मालकीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो विल्टशरमधल्या ग्रेट विशफर्ड या गावात. २९ मे हा दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पुनरागमनाचा दिवस. १६६० नंतर तो सरकारी सण होता आणि १८५९ मध्ये सरकारने तो काढूनही टाकला. विशफर्डला त्याचे सोयरसुतक नाही. गावकरी पहाटे ग्रोव्हली रानातून ओकच्या फांद्या तोडून आणतात, घरांना लावतात, आणि मग काही जण सॉल्झबरीच्या कॅथेड्रलपुढे जाऊन नाचतात व रानाच्या नावाचा पुकारा करतात. वरवर पाहता वसंतोत्सव. प्रत्यक्षात त्या रानातून सरपण आणण्याचा गावाचा हक्क १६०३ च्या दस्तात नोंदलेला आहे, आणि दरवर्षी जाहीर वहिवाट केल्याशिवाय तो टिकणार नाही अशी गावाची पक्की समजूत आहे. १८९२ मध्ये गावाने या सणासाठी क्लब काढला. त्याचे ब्रीद 'एकीत बळ' असे आहे. शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहत असतानाच्या काळात ते कुठून आले असेल, हे सांगायला नको.

सगळेच हक्क असे तगले नाहीत. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचणे हा गरीब बायामुलांचा वर्षाच्या भाकरीचा आधार होता. काही गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजे, म्हणजे कोणी आधी शिरू नये. १७८८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की असा हक्क कायद्याने कोणालाच नाही. वेचणी त्यानंतरही शंभर वर्षे चालली. बायका निकाल वाचून शेतात उतरत नव्हत्या. पण हक्काची जागा आता मालकाच्या मर्जीने घेतली होती.

याच सुगीची पुढची हकिगत पाहण्यासारखी आहे. शेवटची गाडी खळ्यावर आली की शेतकऱ्याने आपल्या गड्यांना जेवण घालायचे, ही रीत. ईस्ट अँग्लियात तिला 'हॉर्की' म्हणत. कापणीआधी गडी आपल्यातला एक 'लॉर्ड' निवडत आणि तो सर्वांच्या वतीने मालकाशी मजुरीचा सौदा करी. म्हणजे जेवण हा त्या कराराचाच भाग होता. बिअर वाहे, गाणी होत, आणि मालकाबद्दल एरवी न बोलता येणारे पुष्कळ काही त्या रात्री बोलून घेता येई. १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेन्स्टो गावचे पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी सुगीबद्दल देवाचे आभार मानायला लोकांना चर्चमध्ये बोलावले. पुढच्या काही दशकांत तोच नमुना देशभर रूढ झाला. आज 'हार्वेस्ट फेस्टिव्हल' म्हणजे चर्चमध्ये मांडलेले भोपळे, पाव आणि गव्हाची जुडी. हॉकर यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण सण खळ्यावरून चर्चमध्ये गेला तेव्हा आभार देवाचे झाले, आणि गड्यांचे मालकाकडे असलेले येणे वहीतून गळाले.

तरी पाद्री नेहमी जिंकत नसे. लेस्टरशरमधल्या हॅलटन गावी ईस्टरच्या सोमवारी पाद्र्याने गावाला सशाचे मांस भरून भाजलेली 'पाय' (pie) द्यायची, असा एका जमिनीच्या उत्पन्नावरचा जुना बोजा होता. १७९० मध्ये तिथल्या पाद्र्याने हा रानटी प्रकार थांबवून पैसा सत्कारणी लावायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी भिंतींवर खडूने लिहिलेले दिसले, 'पाय नाही तर पाद्री नाही', असे सांगतात. पाय चालू राहिली. अजूनही ती वाटतात, आणि मग शेजारच्या मेडबर्न गावाशी लाकडी पिंपांवरून चिखलात झुंज होते.

या क्षेत्राचा पायाच एका मागण्याच्या प्रसंगावर उभा आहे, हे नवख्या वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी गावात सेसिल शार्प सासुरवाडीला आले होते. खिडकीबाहेर घंटा बांधून मॉरिस नाचणाऱ्यांची टोळी आली. कॉन्सर्टिना वाजवत होता विल्यम किंबर. दुसऱ्या दिवशी शार्प यांनी त्याला बोलावून पाच चाली लिहून घेतल्या, आणि पुढे त्यातून १९११ ची फोक डान्स सोसायटी व एक मोठी चळवळ उभी राहिली. पण हा नाच व्हिट्सनचा, म्हणजे मे-जूनमधला. ती माणसे डिसेंबरात का नाचत होती? कारण किंबर गवंडी होता, कडाक्याच्या थंडीने बांधकामे बंद पडली होती, आणि घरात पैसा नव्हता. अवेळी नाचल्याबद्दल त्याने माफीही मागितली होती. शार्प यांना त्या नाचात ख्रिस्तपूर्व धर्माची सावली दिसली. वास्तविक इंग्लंडमधल्या मॉरिसची आज माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद १४४८ ची आहे, आणि ती लंडनच्या सोनारांच्या संघाने नर्तकांना दिलेल्या सात शिलिंगांची.

हिशेबाचे कागद हेच या अभ्यासाचे खरे धन. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी चर्चच्या कारभाऱ्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या शेकड्यांनी तपासल्या, आणि त्यांच्या 'स्टेशन्स ऑफ द सन' (१९९६) या ग्रंथाने सनातनपणाच्या पुष्कळ कल्पना मोडीत निघाल्या. त्या वह्यांत 'चर्च-एल' भेटते : गावाने बिअर गाळायची, व्हिट्सनला मेजवानी करून ती विकायची, आणि नफ्यातून चर्चचे छप्पर शाकारायचे. पुढे प्युरिटनांचा रोष आणि सक्तीची पट्टी यांनी ती प्रथा बुडाली. आज उन्हाळ्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या 'फेट'ला जा. केकचे टेबल, नारळ पाडायचा खेळ, जुनी पुस्तके, घरच्या मुरंब्यांची स्पर्धा. आणि फलकावर लिहिलेले असते, चर्चच्या छपरासाठी. देणारा आणि घेणारा इथे एकच, गाव स्वतः. ही जत्रा बहुतेक ठिकाणी ज्या बायका उभी करतात त्यांची विमेन्स इन्स्टिट्यूट ही संस्था मुळात कॅनडातली, १८९७ ची. ब्रिटनमध्ये ती १९१५ मध्ये आली. पूर्वी मागणारी आणि रांधणारी बाई आता कार्यकारिणीत बसून ठराव मांडू लागली. खेड्याच्या इतिहासात हा बदल कुठल्याही नाचापेक्षा मोठा आहे, पण लोकसाहित्याच्या पुस्तकांत त्याला अर्धे पान मिळते.

मागण्याची बाजू मात्र संशयित ठरत गेली. केंब्रिजशरमधल्या व्हिटल्सी येथे नांगराच्या सोमवारानंतरच्या मंगळवारी एका माणसाला पेंढ्यात गुंडाळून 'अस्वल' करत आणि दारोदार नाचवून पैसे मागत. १९०९ मध्ये पोलिसांनी ही भीक आहे म्हणून बंदी घातली. १९८० मध्ये अस्वल परत आले ते महोत्सव म्हणून, आणि आता तोच पोलीस त्याच्यासाठी रस्ता मोकळा करतो.

एका वादाबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण तो आपल्याला दुरून पाहता येणार नाही. तोंडाला काजळी फासण्याचे समर्थन अनेक नर्तक असे करत की मालकाने ओळखू नये म्हणून मजूर हे सोंग घेत. त्यात तथ्य आहे. पण १८४० नंतर अमेरिकेतून आलेल्या, कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या तमाशांची छापही त्या काजळीत मिसळली, हेही तितकेच खरे. २०२० मध्ये मॉरिस संघटनांनी एकत्र येऊन पूर्ण काळे तोंड रंगवणे सोडायचे ठरवले. परंपरा संपली म्हणून काहींनी गळे काढले. मला हा निर्णय योग्य वाटतो. परंपरा पूर्वीही बदलतच आली आहे. सणांच्या तारखाच पाहा, काही हट्टाने टिकल्या तर काही सोयीने सरकल्या : १७५२ मध्ये कॅलेंडरचे अकरा दिवस वगळले गेले तरी सॉमरसेटमधली काही गावे सफरचंदाच्या झाडांची पूजा जुन्या हिशेबाने १७ जानेवारीलाच करतात, आणि उलट व्हिट्सनच्या सोमवारची (व्हिट मंडेची) सुट्टी १९७१ च्या कायद्याने मेच्या शेवटच्या सोमवारी नेली, तेव्हा बॅम्प्टन गावचे मॉरिस नर्तक मुकाट्याने तिच्यामागे गेले.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. बॉब बुशअवे यांचे 'बाय राइट' (१९८२) आधी वाचावे, कारण हक्क आणि सण यांची सांगड त्यांनी नीट घातली आहे, मग हटन, आणि दोन्हींच्या मध्ये रोनाल्ड ब्लाइद यांचे 'एकेनफील्ड' (१९६९), सफोकच्या शेतमजुरांची बोलणी ऐकायला. प्रत्यक्ष जाणे जमले तर ४ सप्टेंबरनंतरचा पहिला रविवार धरावा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत अ‍ॅबट्स ब्रॉमलीच्या सेंट निकोलस चर्चपाशी उभे राहावे. नर्तक दिवसभर शिवारातल्या घराघरांवरून फिरतात, दुपारकडे ब्लिथफील्ड हॉलपुढे नाचतात. शिंगांचे फोटो इतरांनी भरपूर काढले आहेत. आपण वही घ्यावी, आणि टोळी कोणत्या दाराशी थांबते, कोण बाहेर येते, खायला-प्यायला काय मिळते आणि पैशाचा डबा कोणापुढे फिरतो, एवढे टिपावे.