डोंगरावरचे पाणी आणि खालची गावे

सणसवाडीत उभे राहून आम्ही पुण्याच्या टेकड्यांची कथा सांगत आहोत, हे काही श्रोत्यांस अप्रस्तुत वाटेल. आपली नदी भीमा. ती शेजारच्या कोरेगावावरून जाते. पुण्याची मुळा-मुठा आपल्या दक्षिणेकडून वाहते. पण ती रांजणगाव सांडसपाशी, म्हणजे आपल्याच शिरूर तालुक्यात, भीमेला मिळते आणि पुण्याने आपल्या डोंगरांचे व ओढ्यांचे जे काही केले असेल ते खालच्या गावांच्या पदरात टाकून मोकळी होते. शिवाय नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिल्यापासून जे प्रश्न काल पुण्याचे होते ते आज आपल्या शिवारात येऊन बसले आहेत. तेव्हा ही कथा परक्या गावाची म्हणून ऐकू नये.

इ. स. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या खोऱ्यात तलाव बांधून तेथील पाणी पुण्यात आणले. आजच्यासारखे पंप नव्हते. पाणी केवळ उताराने आले. बांधाआड गाळ खाली बसायचा, नितळ पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळात शिरायचे, मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले असायचे. या पाण्यावर शनिवारवाड्यातली कारंजी उडाली, परंतु आम्हांस त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी, की तेच पाणी काळा हौद, बदामी हौद अशा सार्वजनिक हौदांवर सामान्य माणसाच्या घागरीतही पडले. वरचा डोंगर राखण्यासाठी मात्र वेगळा कायदा करण्याची गरज भासली नाही. डोंगर गुरांचा आणि गवताचा. तिथे घर बांधावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे. नळाची निगा झाली म्हणजे पाण्याची निगा झाली, अशी समजूत पुणेकरांत रुजली ती बहुधा यामुळेच. पुढे 1879 मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि शहराची नजर कात्रजवरून कायमची उठली.

मुंबईचे उदाहरण याच्या उलट आहे. तिथे 1860 साली विहार तलाव झाला आणि 1879 साली तुळशी. सरकारने नुसते तळे बांधले नाही. तळ्यात ज्या उतारांवरून पाणी उतरते ते उतारही सार्वजनिक ताब्यात ठेवले. 1942 साली त्या रानाला लागून कृष्णगिरी नावाचे सुमारे वीस चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान होते. त्याला हे पाणलोट जोडत जोडत आज बोरिवलीचे उद्यान सुमारे 103 चौरस किलोमीटरचे झाले आहे. या राखणीत रानातल्या वारली पाड्यांची पुष्कळ ओढाताण झाली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि भोवती एवढी वस्ती दाटली असताना विहार-तुळशीचे पाणी आजही मुंबईकर पितात, ते त्या उतारांवर इमारती नाहीत म्हणून.

पुण्याला जाग उशिरा आली. 1997 साली भोवतालची गावे महानगरपालिकेत घेण्यात आली, त्यांपैकी 23 राहिली, आणि त्यांच्या विकास आराखड्यात टेकड्यांचा 978 हेक्टर भाग जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याचे ठरले. त्यासाठी नागरिकांनी सभा घेतल्या, सह्या जमविल्या, मोर्चे काढले. शासनाची मंजुरी 2015 साली मिळाली : बांधकाम बंद, आणि जमीन देणाऱ्यास मोबदल्यादाखल आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येईल असा बांधकामाचा हक्क. पण बरीचशी जमीन खाजगी मालकीची, आणि ताब्यात घेण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे टेकडी राखली गेली असे होत नाही. ज्याची जमीन आहे तो ना ती विकू शकत, ना तिच्यावर बांधू शकत. त्याच्या तक्रारीला आम्ही खोटे म्हणणार नाही. शहराला पाणलोट हवा असेल तर त्याची किंमत शहरानेच मोजली पाहिजे, एका सातबारावाल्याने नव्हे.

मध्यंतरी 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आली. कात्रजच्या त्याच डोंगरातून निघणारा आंबिल ओढा एका पावसात फुगला, भिंती पाडीत वस्त्यांत शिरला, आणि त्या रात्रीच्या पुराने शहरात व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. पाऊस मोठा होता यात शंका नाही. पण गवताची माती जे पाणी पिऊन हळूहळू सोडते, ते छपरे आणि डांबर एका घटकेत खाली ढकलतात. आणि खाली ओढ्याचे पात्र तर आवळलेले. पेशव्यांच्या काळी याच ओढ्याला पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळे केले होते. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे कात्रजसारखा डोंगर नाही. आहेत ती गायराने, ओढे आणि पाझरून विहिरींना पाणी देणारी माळराने. गायरान म्हणजे पडीक, कोणाच्याही उपयोगाचे नसलेले, असे समजून ते आधी कोणाच्या तरी सोयीला दिले जाते. 28 जानेवारी 2011 रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला, की गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे काढून त्या गावाला परत देण्याची योजना आखावी. त्या खटल्यातली जागा पंजाबातल्या एका गावतळ्याची होती. कोर्टाचा आदेश आपोआप गावात चालत येत नाही हे खरे. पण ग्रामसभेच्या हाती तो आहे.

आमच्यापैकी कितीजणांनी आपल्या गावचा जुना गावनकाशा पाहिला आहे? भूमी अभिलेख कार्यालयात फी भरली की त्याची नक्कल मिळते. त्यावर ओढे रेघांनी दाखविलेले असतात, गायरानाच्या हद्दी असतात. तो नकाशा हातात घेऊन एका सकाळी, पावसाळ्याआधी, ओढ्याच्या काठाकाठाने चालत जावे आणि रेघ कुठे तुटते ते पाहावे.