लॅपटॉपवर अचानक निळी स्क्रीन? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

निळी स्क्रीन म्हणजे व्हायरसच, असं नाही. गंभीर बिघाड आढळला की विंडोज स्वतःच काम थांबवते, तेव्हा ती दिसते. (नव्या विंडोज ११ मध्ये ती काळी झाली आहे.)

लॅपटॉप सुरू होतोय तोवर फाइल्सचा बॅकअप घ्या. पुन्हा स्क्रीन आली की ‘स्टॉप कोड’चा फोटो काढा. दरवेळी तोच कोड येत असेल तर संशय बहुधा ड्रायव्हरवर. नुकताच अपडेट झालेला ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले होते.

कोड दरवेळी वेगळा? मग आधी रॅम तपासा. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवा; लॅपटॉप रीस्टार्ट होऊन तपासणी होते. रॅमच खराब असेल तर फॉरमॅटचे पैसे वाया जातात, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही.