हर्मा अल्बर्टसन बॅगली : यलोस्टोनच्या फुलांचे पुस्तक लिहिणारी रेंजर

जुहूहून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निसर्गफेरीला गेलात आणि झाडांची माहिती एखाद्या ताईंनी दिली, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मात्र या कामासाठी स्त्रीला कायम नोकरी मिळणे अवघड होते.

आधी 'रेंजर' या शब्दाविषयी. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनक्षेत्रपाल, वनरक्षक आणि वनपाल यांच्या वरचा अधिकारी. अमेरिकेतील पार्क रेंजर उद्यानाची राखण करतो, तसेच पर्यटकांना निसर्गही समजावून सांगतो. हे दुसरे काम करणाऱ्यांना 'नॅचरलिस्ट' म्हणत. हर्मा त्यांच्यापैकी होत्या.

त्यांचा जन्म १८९६ सालचा. त्या आयडाहो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकल्या. १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्या प्रथम उन्हाळी कामाला आल्या त्या लॉजमध्ये, खोल्या आवरण्यासाठी! पुढे हंगामी रेंजर आणि १९३१ मध्ये कायम नॅचरलिस्ट झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेत या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. रेंजर म्हणून मात्र त्या पहिल्या नव्हेत. पहिले महायुद्ध सुरू असताना पुरुषांची चणचण होती, तेव्हा १९१८ मध्ये योसेमिटीत क्लेअर मेरी हॉजेस यांना घेतले गेले होते.

१९३१ मध्येच त्यांनी तिथले मुख्य रेंजर जॉर्ज बॅगली यांच्याशी लग्न केले आणि काही काळाने नोकरी सोडली. पद गेले, पण झाडाफुलांचे काम थांबले नाही. १९३६ मध्ये डब्ल्यू. बी. मॅक्डूगल यांच्यासह लिहिलेले 'प्लँट्स ऑफ यलोस्टोन नॅशनल पार्क' प्रसिद्ध झाले. सुमारे ९ हजार चौरस किलोमीटरच्या उद्यानात समोरचे फूल कोणते, हे शोधायला हाताशी पुस्तक असणे ही मोठीच सोय होती. १९५६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

त्यांचे आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. उद्यानांतील कर्मचाऱ्यांची घरे अनेक ठिकाणी अपुरी आणि गैरसोयीची असत. १९५०च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या पत्नींच्या संघटनेतर्फे हर्मा यांनी या घरांची पाहणी केली. 'मिशन ६६' या उद्यान-सुधारणा योजनेत नवी घरे बांधताना ती उपयोगी पडली. १९८१ मध्ये हर्मा यांचे निधन झाले. भारतीय वनसेवेत स्त्रिया पहिल्यांदा दाखल झाल्या, त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० मध्ये.